आगा खान तिसरे : घोड्यांचा शजरा जपणारा माणूस

मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हसा यात्रा भरते. तिथल्या बाजारात जनावर घेणारा आधी दात बघतो, मग चाल बघतो. त्याची आई कोण, बाप कोण, असं विचारलं तर बहुतेक वेळा तोंडी उत्तर मिळतं, कागद निघत नाही. घोड्याच्या बाबतीत हा कागदच खरी दौलत आहे, हे ओळखणारा एक माणूस आपल्याच मुंबई-पुण्यात वाढला. सर सुलतान मुहम्मद शाह, म्हणजेच आगा खान तिसरे.

पुण्यातला आगा खान पॅलेस आणि अलीगढ विद्यापीठासाठी त्यांनी गोळा केलेला चंदा आपल्याला माहीत असतो. त्यांच्या तबेल्याची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते.

त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १८७७ रोजी कराचीत झाला. आजोबा, पहिले आगा खान, इराणहून येऊन मुंबईत स्थायिक झाले होते. त्यांना घोड्यांचा मोठा शौक होता. १८८५ मध्ये वडिलांचं निधन झालं आणि आठ वर्षंही पूर्ण न झालेला हा मुलगा इस्माईली जमातीचा इमाम झाला. वारशात बहिरी ससाणे, शिकारी कुत्रे आणि भरलेला तबेला आला. त्यांच्या वालिदा मोठ्या हिशेबी होत्या. त्यांनी कुत्रे, ससाणे आणि बरेचसे घोडे काढून टाकले. नीट सांभाळता येतील तेवढेच घोडे ठेवले. जबाबदारीचा पहिला धडा मुलाला घरातच मिळाला.

१९२१ च्या सुमारास त्यांनी युरोपात स्वतःची नसल उभी करायला सुरुवात केली. शर्यती जिंकलेले तयार घोडे विकत घेण्यापेक्षा चांगल्या घराण्यातल्या लहान शिंगरांवर, विशेषतः माद्यांवर, त्यांचा भर होता. १९२२ मध्ये इंग्लंडमधल्या डॉनकॅस्टरच्या लिलावात त्यांच्यासाठी एक करड्या रंगाची घोडी ९१०० गिनींना घेतली गेली. तिचं नाव ठेवलं मुमताज महल. कमी अंतरात ती वाऱ्यासारखी पळायची, लांब पल्ल्यात मात्र थकायची. तिची खरी किंमत कळली ती आई झाल्यावर. १९३६ ची डर्बी जिंकणारा महमूद तिच्या एका मुलीचा, तर पुढे जगभर नाव कमावणारा नसरुल्लाह तिच्या दुसऱ्या मुलीचा.

कोणती घोडी कोणत्या घोड्याला दाखवायची, हे आगा खान नुसत्या अंदाजावर सोडत नसत. त्यांनी व्ह्युलिये नावाचे फ्रेंच कर्नल सल्लागार म्हणून ठेवले. ते बारा पिढ्यांपर्यंतची वंशावळ तपासायचे. बाराव्या पिढीत एका घोड्याचे ४०९६ पूर्वज येतात! कर्नलच्या मृत्यूनंतर हेच काम त्यांच्या पत्नीने सांभाळलं. हे शक्य झालं ते प्रत्येक शिंगराची नोंद वहीत होती म्हणूनच.

आगा खानांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली : १९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२. १९३५ चा बहराम तर नऊच्या नऊ शर्यती जिंकून निवृत्त झाला. पुढे बहराम, महमूद यांच्यासारखे घोडे त्यांनी अमेरिकेला विकले, तेव्हा इंग्लंडमध्ये त्यांच्यावर बरीच टीका झाली. ११ जुलै १९५७ रोजी त्यांचं स्वित्झर्लंडमध्ये निधन झालं. त्यांची कबर इजिप्तमधल्या अस्वान इथे आहे.

शर्यतीवरचा सट्टा आपल्या दीनमध्ये हराम आहे, यात वाद नाही. पण घोडा नीट पाळणं, त्याची नसल जपणं ही वेगळी गोष्ट आहे. नबी करीम (स.) यांनीही घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या.

आज भारतातल्या शर्यतीच्या जातिवंत शिंगरांची नोंद पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटीकडे होते. डीएनए तपासून आई-बाप पक्के केले जातात आणि शिंगराला मायक्रोचिप बसवली जाते. आपल्या भीमथडी घोड्यालाही आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता आहे.

शहापूर-मुरबाडकडे लग्नाच्या वरातीसाठी घोडी पाळणाऱ्याचं शिंगरू त्या पुण्याच्या वहीत जाणार नाही. पण घरची वही कोण अडवतंय? घोडी कोणत्या तारखेला, कोणत्या घोड्याला दाखवली, ते लिहावं. गाभण घोडीला साधारण अकरा महिने लागतात, म्हणजे तारीख असली की तयारी करता येते. शिंगरू झालं की दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत, पांढरे पट्टे आणि भोवरे टिपावेत. आपण भोवरा शुभ-अशुभ म्हणून बघतो, नोंदीत तो ओळखीची खूण असतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून लसीची आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीची तारीखही लिहून ठेवावी. एकाच आईची पिल्लं एकमेकांना दाखवू नयेत. घोडी पुरती वाढण्याआधी तिला गाभण करू नये.

आणि वहीत पुढचं शिंगरू लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : याला म्हातारपणापर्यंत चारा घालण्याची आपली ऐपत आहे का? त्या विधवा आईने भरलेल्या तबेल्यासमोर उभं राहून हाच हिशेब केला होता.