कुठून मिळालं, ते आधी सांगा!

प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर ‘संदर्भ’ असं लिहायचं, खाली चार-पाच पुस्तकांची नावं टाकायची आणि फाइल स्पायरल बाइंडिंगला द्यायची, ही पद्धत तुमच्या चांगलीच ओळखीची असेल. त्यातली दोन पुस्तकं तर उघडलेलीही नसतात. ते पान फक्त मार्कांपुरतं असतं, असाच आपला समज. पण माहिती कुठून आली हे नीट नोंदवून ठेवायचं, या एका गोष्टीसाठी एका मराठी माणसाने जवळपास तीस वर्षं घालवली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे त्यांचं नाव. ‘इतिहासाचार्य राजवाडे’ म्हटलं की कदाचित लगेच आठवेल.

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. घराणं आजच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसईचं. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झालं, मध्ये काही काळ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातही गेला; पण पैशांची ओढाताण कायम होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून ते १८९० मध्ये बी.ए. झाले. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा लायब्ररीतली न नेमलेली पुस्तकंच त्यांनी जास्त वाचली. मग काही वर्षं शाळेत शिकवलं आणि नोकरी सोडली. पत्नीचं निधन झालं, पण त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. १८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं, जगातले मोठे ग्रंथ मराठीत आणायला. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचं ते मराठीतच, हा त्यांचा हट्ट होता.

तेव्हा मराठ्यांचा इतिहास वाचायचा तर तुमच्या हाताशी काय असतं? एक म्हणजे ग्रँट डफचं १८२६ साली आलेलं इंग्रजी पुस्तक आणि दुसरं म्हणजे बखरी. बखरी वाचायला रंगतदार, पण त्यातल्या बऱ्याच घटना घडून गेल्यावर पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या. ऐकीव माहिती, फुगवलेले आकडे, मागेपुढे झालेल्या तारखा, सगळं त्यात मिसळलेलं. लेखकाला हे कोणी सांगितलं, त्याने स्वतः पाहिलं का, याचा पत्ता अनेकदा लागत नाही. आज व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘इतिहासा’बद्दल तुम्ही जी तक्रार करता, तीच ही तक्रार.

मग राजवाड्यांना वाईला एका घरात जुन्या पत्रांचा साठा मिळाला. पानिपतच्या आधीची आणि त्या सुमाराची पत्रं, म्हणजे त्या धामधुमीत प्रत्यक्ष असलेल्या माणसांनी तेव्हाच लिहिलेली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड आला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं छापली आहेत. शीर्षकातला ‘साधने’ हा शब्द बघा. इतिहास सांगण्याआधी, तो ज्या कागदांवरून सांगायचा ते कागद त्यांनी लोकांसमोर ठेवले.

इथून जी पायपीट सुरू झाली, ती थांबलीच नाही. पुण्यातलं सरकारी पेशवे दप्तर तेव्हा अभ्यासकांना मोकळेपणाने बघता येत नव्हतं. म्हणून राजवाडे देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार, मठ, देवस्थानं अशी दारं ठोठावत गावोगाव फिरले. माळ्यावर रुमालात बांधलेली दप्तरं असायची. काहींना वाळवी लागलेली, काही रद्दीत जायच्या बेतात. घरमालकाला वाटायचं, हा कागद नेऊन आपलं वतन घालवतो की काय! त्याची समजूत काढायची, मोडी वाचायची आणि अक्षरन्‌ अक्षर नक्कल करायची. पदरी ना पगार ना ग्रँट. जेवणसुद्धा अनेकदा हाताने रांधलेलं.

कागद मिळाला म्हणजे काम झालं, असंही नाही. जुन्या पत्रांत कित्येकदा तिथी किंवा मुसलमानी महिन्याची तारीख असते, पण साल नसतं. ते आतल्या मजकुरावरून ताडून काढावं लागतं. कागद अस्सल की नंतर केलेली नक्कल, की वतनाच्या भांडणात जिंकायला तयार केलेला बनावट, हे तपासावं लागतं. असे एकूण २२ खंड त्यांनी काढले. पत्रांना लेखांक म्हणजे नंबर दिले. म्हणूनच आजही एखाद्या प्रबंधात तळाला ‘राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक’ एवढंच लिहिलेलं असतं आणि तुम्ही थेट त्या पत्रापर्यंत पोचता. शंभर वर्षं चालणारी लिंक म्हणा ना!

याचा उपयोग कसा होतो, ते बघा. मराठीत फारसी शब्द किती होते आणि ते कमी कसे झाले, यावर नुसती मतं कोणीही देईल. राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांची पत्रं घेतली आणि त्यातले शब्द मोजले. पहिल्यात फारसीची रेलचेल, शेवटच्यात अगदी मोजके शब्द. तीन पत्रांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का, यावर तुम्ही जरूर वाद घालू शकता. पण वाद घालता येतो, कारण पत्रं समोर आहेत.

राजवाडे चुकतच नव्हते, असं अजिबात नाही. जातींबद्दलची त्यांची काही मतं तेव्हाही लोकांना खटकली. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंबद्दल त्यांनी जे लिहिलं, त्याला प्रबोधनकार ठाकरेंनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून खणखणीत उत्तर दिलं. त्यांच्या प्रस्तावनांमधली कितीतरी मतं आज कोणी मानत नाही. पण मतं बाजूला ठेवून छापलेली पत्रं अजूनही वापरता येतात. आपलं मत कुठलं आणि दुसऱ्याकडून घेतलेलं काय, हे वेगळं ठेवण्याचा फायदा तो हाच.

उलटं उदाहरणही त्यांचंच आहे. १९०९ मध्ये त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरीची प्रत प्रसिद्ध केली. ती मूळ पोथी आज अभ्यासकांसमोर नाही. त्यामुळे तिच्या जुनेपणाबद्दलचा वाद मिटवायचा कसा? राजवाड्यांसारख्या माणसाचा शब्दसुद्धा इथे पुरत नाही.

७ जुलै १९१० रोजी त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केलं. खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे त्यांचे सोबती. एकट्याने जमवलेलं चारचौघांसमोर मांडायचं आणि तपासून घ्यायचं, हा त्यामागचा विचार. ते मंडळ आजही सदाशिव पेठेत आहे. पुढे तापट राजवाड्यांचं तिथेही पटलं नाही आणि ते धुळ्याला गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचं निधन झालं. त्यांचं दप्तर सांभाळायला तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं.

आता तुमच्या प्रोजेक्टकडे या. वाचतानाच लेखक, पुस्तक, आवृत्ती, प्रकाशक, साल आणि पान नंबर वहीत टिपा. शेवटच्या रात्री ते सापडत नाही. वेबसाइट असेल तर कधी पाहिली ती तारीखही लिहा. वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरण चिन्हं हवीतच. स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तरी विचार दुसऱ्याचा असेल तर त्याचं नाव हवं. आणि राजवाड्यांचं पत्र तुम्ही दुसऱ्याच कोणाच्या पुस्तकात वाचलं असेल, तर संदर्भ त्या पुस्तकाचा द्या. न उघडलेल्या खंडाचं नाव टाकणं ही थापच झाली.

नियमांची भीतीही आहेच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपेक्षा जास्त साम्य निघालं तर कारवाई सुरू होते आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द होऊ शकतं. पण फक्त सॉफ्टवेअरला घाबरून संदर्भ देऊ नका. तुम्ही लिहिलेलं उद्या कोणीतरी वाचणार आहे. त्याला तुमचं म्हणणं पटलं नाही, तर ते तपासायचा रस्ता त्याच्यासाठी उघडा ठेवा.