बाबासाहेबांची सनद



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होते, हे आपल्या घरातलं लहान पोरही सांगतं. पण ही बॅरिस्टरी त्यांना मध्येच सोडावी लागली होती, आणि ती पुरी व्हायला जवळजवळ सहा वर्षे लागली, हे फार थोड्यांना माहीत असते.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण आटोपून बाबासाहेब १९१६ साली लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. त्या काळी नुसती परीक्षा देऊन बॅरिस्टर होता येत नसे. संस्थेच्या टर्म भराव्या लागत, आणि टर्म भरायची म्हणजे तिथल्या भोजनगृहात ठरलेल्या वेळा सर्वांबरोबर जेवायला बसायचे. साताऱ्याच्या शाळेत ज्यांना पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नव्हते, ते बाबासाहेब तिथे इतरांच्या पंक्तीला बसले!

पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मात्र येताना त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. दार ओढून घेतले, पण कडी लावली नाही.

पुढे बडोद्यात नोकरीला गेले, तर शिपाई फायली लांबून टाकायचे आणि राहायला जागा मिळेना. शेवटी मुंबईला परत आले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. पगार चांगला होता, पण चैन केली नाही. पै-पै शिल्लक टाकली. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. आणि १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. इकडे मुंबईत परळच्या चाळीत माता रमाईने काटकसर करून संसार ओढला.

लंडनमध्ये ते अर्धपोटी राहिले. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचं ते बंद होईस्तोवर वाचत बसायचं. अर्थशास्त्राचा अभ्यास आणि बॅरिस्टरीची तयारी दोन्ही एकदम. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले आणि २८ जून १९२२ रोजी बॅरिस्टर झाले.

१९२३ मध्ये मायदेशी परतले, तर मुंबई हायकोर्टाची सनद काढायला पैसे नाहीत! पुन्हा भथेनाच धावून आले. सनद मिळाली तरी अस्पृश्य बॅरिस्टरला सॉलिसिटर काम देईनात. मग गावोगावचे, गोरगरिबांचे दावे घेतले आणि संसाराला हातभार म्हणून क्लासमध्ये कायदा शिकवला.

ही सनद काय कामाला आली? महाडच्या चवदार तळ्यावरून स्पृश्यांनी १९२७ च्या डिसेंबरात दावा लावला. त्यात बाबासाहेब स्वतःच प्रतिवादी होते. खटला खालच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत नऊ वर्षांवर चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी तळ्याच्या पाण्यावरचा आपला हक्क हायकोर्टाने कायम केला. सत्याग्रहाने घेतलेले पाणी कायद्याने राखले.

आपली इगतपुरी म्हणजे रेल्वेचे गाव. याच लाईनीवर मनमाडला १९३८ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली होती. ही आठवण ज्या गावाजवळची, तिथली पोरं कायद्याच्या शिक्षणात मागे का राहावीत?

आज विलायतेला जायची गरज नाही. कायद्याची पदवी घ्यायची, बार कौन्सिलकडे सनदेसाठी अर्ज करायचा आणि ऑल इंडिया बार परीक्षा द्यायची. तरीपण फी, पुस्तकं, घरची अडचण यापायी एखादी मुलगी शेवटच्या वर्षाला शिक्षण सोडते. तिला नापास समजू नका. तिचं शिक्षण थांबलंय, संपलेलं नाही. बाबासाहेबांचंही तीन वर्षे थांबलं होतं.

फक्त त्यांच्या पाठीशी एक भथेना होते आणि घरात एक रमाई होती. आपल्या वस्तीतल्या लेकरांच्या पाठीशी कोण आहे, याचा विचार प्रत्येक घराने करावा, हीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!