पं. विष्णु नारायण भातखंडे : जीवन आणि लेखन

डिसेंबर १९३६ मध्ये तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तोवर शहरांत भरणारे हे अधिवेशन प्रथमच खेड्यात आले. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांचे मुंबईत निधन झाले होते. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. मात्र थोड्यांपुरते मर्यादित असलेले सर्वांच्या अंगणात नेण्याची जी ओढ फैजपूरच्या अधिवेशनामागे होती, तीच भातखंडे यांच्या लेखनामागेही होती. या दृष्टीने आपण त्यांच्या जीवनाचा परिचय करून घेऊ.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. शिक्षण घेत असतानाच ते सतार शिकले. १८८४ मध्ये पारशी समाजाच्या पुढाकाराने चालणाऱ्या गायन उत्तेजक मंडळीत ते दाखल झाले आणि तेथे त्यांना धृपद व ख्याल यांची तालीम मिळाली. १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली केली. पुढे पत्नी आणि एकुलती मुलगी यांच्या अकाली निधनानंतर ते व्यवसायातून निवृत्त झाले व उर्वरित आयुष्य त्यांनी संगीताच्या अभ्यासाला वाहिले.

त्या काळी रागविद्या घराण्यांत मुखोद्गत होती. एकाच रागाचे स्वर दोन गायक वेगळे सांगत आणि संस्कृत ग्रंथांतील वर्णने प्रत्यक्ष गायनाशी जुळत नसत. या गोंधळाचा उलगडा करण्यासाठी भातखंडे यांनी देशभर प्रवास केला. १९०४ च्या दक्षिण यात्रेत ते एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितरांना भेटले. व्यंकटमखींच्या 'चतुर्दंडिप्रकाशिका' या ग्रंथातील मेलपद्धतीने त्यांना वर्गीकरणाची दिशा दाखविली. उत्तरेकडे रामपूर, जयपूर येथील उस्तादांकडून त्यांनी चिजा मिळविल्या.

या साधनेचे पहिले मोठे फळ म्हणजे १९१० मधील 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ. तो त्यांनी 'चतुर पंडित' या टोपणनावाने लिहिला. 'लक्ष्य' म्हणजे प्रचारात असलेले संगीत. जुने वचन आणि आजचे गायन यांत विरोध दिसल्यास आजच्या गायनाला प्रमाण मानावे, ही त्यांची भूमिका या नावातच सामावलेली आहे. त्यांनी प्रचलित राग दहा थाटांत विभागले.

मराठीच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटावा असा ग्रंथ म्हणजे 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'. १९१० ते १९३२ या काळात त्याचे चार भाग मराठीत प्रसिद्ध झाले. गुरू व शिष्य यांच्या संवादाच्या रूपाने तो लिहिलेला आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू निरनिराळी मते मांडून त्यांची छाननी करतो. समोर बसून मिळणारी तालीम ज्याला लाभली नाही, त्याच्यापर्यंत ती चर्चा पुस्तकातून पोहोचावी, असा हा प्रयत्न होता. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्यांनी शेकडो चिजा स्वरलिपीसह दिल्या.

लेखनाला त्यांनी संस्थांची जोड दिली. १९१६ मध्ये बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९२६ मध्ये लखनौस मॅरिस कॉलेज सुरू झाले. श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारख्या शिष्याने तेथे हे कार्य पुढे नेले. १९३३ मध्ये पक्षाघाताने भातखंडे यांना अंथरुणाला खिळविले.

त्यांच्या कार्यावर आक्षेपही घेतले गेले. अनेक राग दहा थाटांत नीट बसत नाहीत आणि मींड व श्रुती यांचे बारकावे स्वरलिपीत उतरत नाहीत, हे आक्षेप साधार आहेत. उस्तादांच्या निरक्षरतेविषयी ते कठोरपणे लिहीत. परंतु त्यांच्या ग्रंथांतील धन बव्हंशी त्याच उस्तादांच्या कंठातून आलेले होते. हा ताण लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. तरीही, ज्या पद्धतीवर आक्षेप घेता येतो ती आधी मांडली जावी लागते. रागचर्चेला अशी उघड, तपासता येण्याजोगी मांडणी मराठी गद्यात मिळवून देणे, हे भातखंडे यांचे स्थायी कार्य होय.

स्वाध्याय : संगीतशास्त्राच्या विवेचनासाठी भातखंडे यांनी संवादरूपाची निवड का केली असावी? या रूपाचे लाभ व मर्यादा सांगा.