वऱ्हाड देऊन नगर राखणारी चांदबिबी

हल्ली नातवंडांच्या हातात परदेशी चित्रकथा दिसतात. त्यांतल्या नायिका आकाशात उडतात, हाताने रणगाडे उलथवतात. वंडर वुमन ही त्यांतली थोरली. अमेरिकेत ती १९४१ साली अवतरली. चित्रे देखणी असतात आणि मुलींना एक लढाऊ नायिका मिळते, हेही चांगलेच. पण त्याच कपाटात आणखी एक पातळ पुस्तक असावे, असे मला वाटते. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्र कथा मालिकेत चांदबिबीवर एक पुस्तक आहे. ते मुलांना जरूर द्या. वाशीमच्या घरांत तर द्याच, कारण या बाईच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार आपल्या मुलखाच्या मोलाने झाला.

चांदबिबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. आई खुंजा हुमायून हिने मुलाच्या वतीने काही वर्षे कारभार पाहिला होता; म्हणजे राज्य चालवणारी बाई चांदबिबीने घरातच पाहिली होती. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचे लग्न झाले ते दोन्ही राज्यांचे वैर मिटावे म्हणून. सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण गेला. फारसी, अरबी, तुर्कीबरोबर तिला मराठी आणि कानडीही येत असे, असे सांगतात.

१५८० मध्ये अलीचा खून झाला. त्याला मूल नव्हते. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम आला आणि त्याला सांभाळण्याचे काम चांदबिबीकडे. दरबारात दख्खनी, हबशी आणि परदेशी सरदारांचे तट होते. किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. हबशी सरदारांनी ती परत आणली. पुढे इब्राहिम जाणता झाला आणि ती माहेरी नगरला परतली.

माहेरचे घर मात्र फुटले होते. १५९५ मध्ये वारसाहक्कावरून चार गट पडले, आणि त्यांतल्या मियाँ मंजूने आपली बाजू भक्कम व्हावी म्हणून मोगलांनाच बोलावून घेतले. अकबराचा मुलगा मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम फौज घेऊन आले, तेव्हा मियाँ मंजूला पस्तावा झाला. किल्ला चांदबिबीच्या हवाली करून तो निघून गेला. तिने भावाचा नातू, लहानगा बहादूर, याच्या नावाने किल्ला लढवायला घेतला.

मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यांची खबर आतल्यांना लागली आणि काही सुरुंग त्यांनी निकामी केले. पण फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडालाच. तटाला मोठे खिंडार पडले. भले भले सरदार पळू लागले, तेव्हा चांदबिबी चिलखत चढवून, तोंडावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले आणि रातोरात तट पुन्हा चढवून घेतला. गोळे संपल्यावर तिने तोफांतून तांब्याची, रुप्याची, शेवटी सोन्याची नाणी डागली, ही दंतकथा. पण चित्रकाराला असा प्रसंग आयताच.

मोगल छावणीत दाणागोटा कमी होता, सेनापतींत बेबनाव होता आणि विजापूर-गोवळकोंड्याची कुमक वाटेवर होती. तह झाला. बहादूरची गादी राहिली; मोबदल्यात वऱ्हाड मोगलांना मिळाले. १५७४ मध्ये निजामशाहीने इमादशाहीकडून घेतलेला हा प्रांत. पुढे ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बाशीम, म्हणजे आपले वाशीम, नोंदले गेले.

आपण वऱ्हाडी लोकांनी तिच्यावर रुसावे का? नोकरीची वर्षे मी बँकेत काढली. बुडू लागलेला धंदा वाचवताना एखादे शेत, एखादे दुकान सोडून मूळ घर राखावे लागते, हे टेबलापलीकडून अनेकदा पाहिले. असा निर्णय घेणाऱ्याला पुढे घरचेच बोल लावतात, हेही पाहिले.

चांदबिबीच्या नशिबी त्याहून वाईट आले. तह टिकला नाही. १६०० मध्ये राजपुत्र दानियालचा वेढा पडला. या वेळी किल्ला टिकणार नाही हे तिने ओळखले आणि बहादूरच्या जिवाची हमी घेऊन वाटाघाट करायचे ठरवले. हमीदखानाने ती मोगलांना फितूर झाल्याची आवई उठवली. जमाव महालात घुसला आणि ज्या किल्ल्यासाठी ती खिंडारात उभी राहिली, तिथेच आपल्याच माणसांनी तिला मारले. महिनाभरात किल्ला पडला. बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

तिच्या मागे शंभर वर्षांनीही दख्खनी चित्रकार तिला रंगवत होते: घोड्यावर स्वार, हातावर ससाणा. असे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नगरजवळच्या डोंगरावरील इमारतीला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. खरे तर ती सलाबतखानाची कबर. शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण डोंगरावरच्या इमारतीला लोकांनी दिलेले नाव तेच आहे.

मुलांना हे पुस्तक द्याल तेव्हा जवळ बसून वाचा. खिंडाराचा प्रसंग त्यांना आपोआप आवडेल. तहाच्या आणि शेवटच्या पानाशी मात्र थोडे थांबा, आणि तिने बरोबर केले का, हे त्यांना विचारा. मुले काय उत्तर देतात ते ऐकण्यासारखे असते.