खाशाबांचा गुडघा

धारणीच्या मैदानावर कबड्डीचा डाव रंगात आला, की मेळघाटातल्या पोरांची चढाई पाहत राहावी. डोंगर चढून-उतरून घडलेले पाय ते! पण परतताना एखाद्याचा गुडघा पिळवटतो आणि मैदान गप्प होते. मग हळदीचा लेप, मालिश, पंधरा दिवस खाट. सूज उतरली की पोरगा पुन्हा मैदानात, आणि पुष्कळदा तोच गुडघा पुन्हा दगा देतो. असे झाले की मला खाशाबा जाधव आठवतात.

खाशाबा म्हटले की साऱ्यांना हेलसिंकीचे पदक आठवते. गुडघा कुणाच्या लक्षात नसतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, तेव्हा आखाड्याची माती अंगाला लहानपणीच लागली. कऱ्हाडचे टिळक हायस्कूल, पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला हा मल्ल तिथे मॅटवर उतरला, आणि तरीही सहावा आला. पुढच्या खेपेला पैशांची चणचण पडली, तेव्हा प्राचार्य खर्डीकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. (असे प्राचार्य आज शोधून सापडतील का, कुणास ठाऊक!)

२३ जुलै १९५२. हेलसिंकीत बँटमवेट गटात जपानच्या शोहाची इशीशी झालेली दमवणारी लढत खाशाबा हरले. लागलीच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव याच्यासमोर उभे केले गेले. दोन लढतींच्या मध्ये किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो बजावून सांगायला त्यांच्या बाजूने भारतीय अधिकारी तिथे नव्हता. थकलेले शरीर तसेच लढले आणि हरले. कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. गावाकडे शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून खर्डीकरांचे कर्ज फेडले.

१९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. मेलबर्नची तयारी चालू होती, आणि त्यातच गुडघ्याला जबर दुखापत झाली. १९५६ चे ऑलिंपिक हुकले. ऑलिंपिकचे दार पुन्हा उघडले नाही.

हळहळ वाटते ती काळाच्या योगायोगाची. दुखावलेला गुडघा पुन्हा कसा उभा करायचा, ही विद्या तेव्हा जगात नुकतीच आकार घेत होती. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी इस्पितळात थॉमस डिलॉर्म या डॉक्टरने सैनिकांच्या अशक्त पायांना वजन बांधून, ते टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची पद्धत बसवली आणि १९४५ साली ती प्रसिद्ध केली. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण पन्नाशीच्या दशकातच सुरू झाले. हाजीअलीची पुनर्वसन संस्था १९५५ ची. म्हणजे खाशाबांनी वर्दी चढवली त्याच वर्षाची. पण ही विद्या आखाड्यापर्यंत पोहोचायला फार वर्षे लागायची होती. आखाड्यात वस्ताद होता, मालिश होती, सांधा बसवणारा जाणता हात होता. नव्हते ते मोजमाप.

सारे अडते ते या मोजमापापाशी. गुडघा दुखला की मांडीचा पुढचा स्नायू भराभर वाळतो. सूज उतरते, दुखणे थांबते, पण मांडी तशीच पोकळ राहते आणि खेळताना सारा भार सांध्यावर येतो. म्हणून आराम आवश्यक असला तरी नुसता आराम हा उपचार नव्हे. दुखापतीच्या वेळी आतून आवाज आला आणि तासा-दोन तासांत गुडघा फुगला, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा, मग धारणीहून परतवाड्याचा घाट उतरून अमरावतीला जावे लागले तरी. त्यांनी मोकळीक दिल्यावर पायऱ्या सुरू होतात. प्रथम पाय सरळ ठेवून मांडी आवळायची नि सोडायची. गुडघा पूर्ण सरळ होतो का, किती वाकतो, ते रोज पाहायचे. मग पायाला वाळूची छोटी पिशवी बांधून तो उचलायचा, एका पायावर तोल धरायचा, अर्ध्या बैठका. धावणे आधी सरळ रेषेत, मग वळणे घेत. उडी त्यानंतर, आणि अंगाला अंग भिडणारी पकड अगदी शेवटी. पुढची पायरी कधी, हे पंचांग सांगत नाही. दुसऱ्या सकाळी सूज दिसली तर एक पायरी मागे. दुखऱ्या मांडीचा घेर चांगल्या मांडीशी शिंप्याच्या टेपने ताडून पाहता येतो. यातले बरेचसे शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला शिकता येण्याजोगे आहे, आणि १९१४ पासून व्यायामाचा वसा चालवणारे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर आपल्या अमरावतीतच आहे.

खाशाबा सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघाताने त्यांना नेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. मेलबर्नच्या मॅटवर ते उतरले असते, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस असते.