वाळवंटातलं लेकरू आणि नाथांना मिळालेली मुभा



आजचं वाचन आहे भागवताच्या एकादश स्कंधातला एकोणतिसावा अध्याय. उद्धव आता निघायच्या बेतात आहे. इतका योग, इतकं ज्ञान ऐकून झाल्यावर तो म्हणतो, देवा, हे मला झेपणारं नाही, काहीतरी सोपं सांगा. तेव्हा भगवंत जे सांगतात ते ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण आहे. त्याचा भावार्थ असा की सगळ्यांच्या ठिकाणी मीच आहे हे बघ, आणि नुसतं मनात ठेवू नकोस. कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव, जो समोर येईल त्याला जमिनीवर आडवं पडून दंडवत घाल. तुझीच माणसं तुला हसतील. हसू देत. लाज सोड.

वाचताना दोन ठिकाणी अडायला होतं. एक म्हणजे ती यादी. कुत्रा, गाय आणि गाढव यांच्या रांगेत एक माणूस उभा केलाय. समतेचा उपदेश करणाऱ्या ओळीतसुद्धा तो माणूस जनावरांच्या मध्ये आहे. दुसरं म्हणजे हसणारी माणसं. ती परकी नाहीत, आपलीच आहेत.

या दोन्ही जागांची उत्तरं एका माणसाच्या चरित्रात सापडतात. ज्यांनी हा स्कंध मराठी ओव्यांत आणला, ते पैठणचे एकनाथ महाराज.

नाथांचा जन्म साधारण 1533 चा. घराणं देशस्थ ब्राह्मणाचं, तेही पैठणचं, म्हणजे जिथले शास्त्री धर्माचे निवाडे द्यायचे त्या गावचं. पणजोबा संत भानुदास. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनी पंढरपूरला परत आणली अशी परंपरा आहे. आईवडील लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी सांभाळलं. कोवळ्या वयात हा मुलगा देवगिरीला गेला आणि जनार्दनस्वामींच्या चरणी राहिला. स्वामी किल्ल्यावरचे अधिकारी. हिशेबातली एक पैची चूक शोधायला नाथ रात्रभर दिव्याशी बसले, ती गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. आपल्यापैकी जे रात्री दोनला कोडमधला बग शोधत बसतात, त्यांना ते नाथ फार जवळचे वाटतात.

पुढे पैठणला परत येऊन गिरिजाबाईंबरोबर संसार थाटला. भागवताची टीका पैठणला सुरू केली आणि 1573 मध्ये काशीत पूर्ण केली. 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून दिली. भारुडं, गवळणी, अभंग लिहिले. भावार्थ रामायण हाती असतानाच 1599 मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीला, गोदावरीत देह ठेवला. तीच आपली नाथषष्ठी.

आता मुख्य गोष्ट. भर दुपार. गोदावरीचं वाळवंट तापलेलं. पाणी आणायला गेलेल्या आईमागे धावत आलेलं एक महाराचं लेकरू त्या वाळूत पडून रडतंय. स्नानसंध्येला येणारे जाणारे बघतात आणि बाजूने जातात, कारण विटाळ. नाथ मात्र त्याला उचलून कडेवर घेतात, डोळे पुसतात, शेंबूड पुसतात आणि महारवाड्यात घरी नेऊन पोचवतात.

दुसरी गोष्ट श्राद्धाची. घरात पितरांचा स्वयंपाक झालाय. रस्त्यानं जाणाऱ्या महार कुटुंबाला त्याचा वास येतो, पोरं हट्ट करतात. नाथ आणि गिरिजाबाई त्यांना बोलावून पोटभर वाढतात. मग ब्राह्मण जेवायला येत नाहीत. आणखी एक गोष्ट राणू महाराची. त्यानं जेवायला बोलावलं आणि नाथांनी होकार दिला.

या कथा मुख्यतः महिपतींसारख्या चरित्रकारांनी अठराव्या शतकात लिहून ठेवल्या. त्यांत चमत्कार आहेत. श्राद्धाला प्रत्यक्ष पितर येऊन जेवतात, राणूच्या घरी नाथांच्या रूपात देवच जातो. चमत्कार बाजूला ठेवून बघितलं तरी एक गोष्ट कुठल्याच कथेत पुसली जात नाही. प्रत्येक वेळी गावात गडबड होते, बहिष्काराची आणि प्रायश्चित्ताची भाषा होते. भगवंतांनी सांगितलेलं हसणं पैठणमध्ये असं दिसत होतं.

हसणारी माणसं घरातही होती. मुलगा हरिपंडित मोठा संस्कृत विद्वान. वडील मराठीत पुराण सांगतात आणि कुणाच्याही घरचं अन्न घेतात, हे त्याला सहन होईना. तो घर सोडून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले आणि परत येण्यासाठी त्यानं अटी घातल्या : मराठीत सांगायचं नाही, परान्न घ्यायचं नाही. नाथांनी त्या मान्य केल्या. पुढे हजार ब्राह्मण जेवू घालण्याचं पुण्य नाथांना एकट्याला जेवू घालून मिळेल, या श्रद्धेनं एक गरीब विधवा आली. ती अट तिथे गळून पडली आणि मुलाचे डोळे उघडले अशी कथा आहे. पण मधला काळ विसरू नये. इतका मोठा माणूससुद्धा पोटच्या पोराच्या रागापुढे काही दिवस गप्प बसला. ज्यांना आजही रविवारच्या जेवणाच्या टेबलावर जातीचा विषय निघाला की गप्प बसायला होतं, त्यांनी हे प्रकरण नीट वाचावं.

आता एक अवघड प्रश्न विचारू या. तेच वाळवंट, तीच दुपार. लेकरू ब्राह्मणाचं आहे आणि उचलायला धावलेत चोखोबा. काय झालं असतं?

चोखामेळा नाथांच्या दोनशे वर्षं आधीचे. भक्तीत तसूभर कमी नाहीत. पण आयुष्यभर देवळाबाहेर राहिले. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी आहे, म्हणजे उंबऱ्याच्या बाहेरच. पंढरीचं मंदिर सगळ्यांना उघडलं ते 1947 मध्ये, सानेगुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबांनी ते मूल उचललं असतं, तर कडेवर घेण्याआधीच त्यांच्यावर दगड पडले असते. कृती तीच, करुणा तीच, पण नाथांना ती करता आली आणि चोखोबांना आली नसती. नाथांना प्रायश्चित्त सांगितलं जाई; चोखोबांच्या वाट्याला मार आला असता.

या फरकाला आजकाल प्रिव्हिलेज म्हणतात. अमेरिकेत ऑनसाइट गेलेल्या आपल्या मित्रांना व्हाइट प्रिव्हिलेज लगेच कळतं. दुकानात आपल्याकडे कसं बघितलं, आपलं नाव उच्चारताना कोण कसं हसलं, हे ते घरी फोन करून सांगतात. ते दुःख खरंच आहे. पण तोच मित्र पुण्यात फ्लॅट भाड्यानं घेताना घरमालकाने आडनाव विचारलं आणि आपल्याला पटकन होकार दिला, तेव्हा त्याला काहीच जाणवत नाही. आयती मुभा अशीच असते. ज्याच्याकडे आहे त्याला ती हवेसारखी वाटते, दिसतच नाही.

माझं गाव वालूर, परभणी जिल्ह्यातलं सेलू तालुक्यातलं. आमच्याकडे जुन्या बारवा आहेत. त्यांतली एक चक्राकार आहे, पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी श्रमदान करून तिचा गाळ काढला आणि आता लोक लांबून फोटो काढायला येतात. आम्हाला तिचा अभिमान आहे आणि असावाच. फक्त मराठवाड्यातली कुठलीही बारव बघताना एक प्रश्न मनात ठेवावा : या पायऱ्यांवरून कोणाकोणाला उतरायची मुभा होती? पाण्यासाठी माणसाला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला तो 20 मार्च 1927 ला. नाथांना जाऊन तेव्हा सव्वातीनशेहून अधिक वर्षं झाली होती. म्हणजे आपण साडेतीन शतकांजवळ ते वाळवंटातलं लेकरू कीर्तनात ऐकलं, डोळे पुसले, आणि गावचं पाणी वेगळंच ठेवलं.

म्हणून काही जण विचारतात, नाथांच्या दयेनं बदललं काय? प्रश्न रास्त आहे. नाथांनी व्यवस्था मोडली नाही. त्या लेकराचं नावसुद्धा कथेत उरलेलं नाही, नाव उरलं उचलणाऱ्याचं.

पण माझ्या मते नाथ नुसत्या दयेवर थांबले नाहीत. त्यांची भारुडं बघा. तिथे महार जोहार घालत येतो आणि बोलायला लागतो. तोच वेदान्त सांगतो, तोच प्रश्नांची उत्तरं देतो आणि ऐकायची पाळी ब्राह्मणावर येते. भागवताच्या यादीत जो कुत्र्या-गाढवांमध्ये मुका उभा होता, त्याच्या तोंडी नाथांनी गुरूची वाणी दिली. शब्द अर्थात नाथांचेच, ही मर्यादा आहेच. खरा आवाज चोखोबा, सोयराबाई, बंका यांच्या अभंगांत ऐकायचा. 1948 मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मूळ शोधणारा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत चोखोबा आहेत. दया कोणीही करू शकतो. आपण खाली बसून दुसऱ्याला वर बोलू देणं, हा दंडवताचा खरा अर्थ आहे. दंडवतात उंची सोडावी लागते. ज्याच्याकडे उंची आहे त्यालाच ती सोडता येते, म्हणून ही साधना आधी त्याची.

आजची साधना छोटी आहे. दिवसभरात जी गोष्ट आपल्याला न मागता मिळाली आणि शेजारच्याला मागूनही मिळाली नाही, अशी एक शोधायची. ऑफिसात, सोसायटीत, घरच्या स्वयंपाकघरात कामाला येणाऱ्या ताईंच्या वेगळ्या कपात, कुठेही. सापडली की तिच्याबद्दल स्टेटस टाकायचं नाही. तो कप बदलायचा. घरचे हसतील. अध्यायात तेही आधीच सांगून ठेवलंय.

आणि झोपताना चोखोबांचा एक अभंग वाचायचा, मोठ्यानं.

राम कृष्ण हरी.