तराजूचा उपासक लाव्हाझिए

बाजारांत गेलेला मनुष्य दुकानदाराच्या तराजूकडे पाहतो, परंतु पारड्यांत टाकलेलें वजन खरें कशावरून, हा प्रश्न मनांत आणणारे थोडे. आज ज्या पुरुषाचें चरित्र आम्हीं आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें मांडणार आहों, त्यानें आपलें बहुतेक आयुष्य या प्रश्नाच्या उत्तरासाठीं वेंचलें. आणि त्याचें स्वतःचें मोल करण्याची वेळ आली, तेव्हां तराजू धरणाऱ्यांनीं एका दिवसांत निकाल लावून टाकला. या पुरुषाचें नांव आंत्वान लॉराँ लाव्हाझिए.

त्याचा जन्म ता. २६ ऑगस्ट १७४३ रोजीं पॅरिस येथें एका सुखवस्तु वकिलाच्या घरीं झाला. तो पांच वर्षांचा असतां त्याची आई वारली, व पुढें आजी आणि मावशी यांनीं त्याचें संगोपन केलें. माझारँ कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें. घराण्याच्या रीतीप्रमाणें १७६४ सालीं त्यानें कायद्याची पदवी मिळविली खरी, पण मन लागलें तें शास्त्रांत. पॅरिसचे रस्ते रात्रीं उत्तम रीतीनें कसे उजळावे यावर त्यानें लिहिलेल्या निबंधाबद्दल १७६६ सालीं त्यास सुवर्णपदक मिळालें, आणि १७६८ सालीं, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, तो शास्त्रांच्या राजमान्य अकादमीचा सभासद झाला.

त्या काळीं पुष्कळ विद्वानांची अशी समजूत होती कीं, पाणी फार वेळ उकळलें असतां त्याची माती होते. कारण भांड्याच्या तळाशीं गाळ उरलेला दिसे. लाव्हाझिएनें वादविवाद न करितां एका बंद कांचपात्रांत पाणी घातलें, पात्र व पाणी तोलून ठेविलें, आणि तें सतत १०१ दिवस तापविलें. शेवटीं पुन्हां सर्व तोलून पाहिलें. एकंदर वजनांत फरक नव्हता. पात्राचें वजन मात्र घटलें होतें, आणि ती घट जवळजवळ गाळाच्या वजनाइतकी होती. अर्थात् माती पाण्याची झाली नसून ती कांचेंतून झिजून आली होती. केवळ तराजूच्या बळावर शतकानुशतकांचा भ्रम दूर झाला. हाच त्याचा पुढील सर्व कार्याचा कित्ता होय.

१७७२ सालीं त्यानें इतर रसायनशास्त्रज्ञांसह हिऱ्यांवर प्रयोग केले. प्रचंड भिंगानें सूर्याचे किरण हिऱ्यावर एकवटले असतां तो उघड्या हवेंत नाहींसा होई; परंतु कोळशाच्या भुकटींत पुरून हवेपासून राखला, तर तीव्र आंचेंतही टिके. तेव्हां हिरा उडून जात नसून जळतो, हें उघड झालें. शिवाय बंद पात्रांत हिरा जळल्यावर जो वायु उरे, तो चुन्याची निवळी दुधाळ करी. कोळसा जाळल्यावरही तसाच वायु मिळे. राजमुकुटांतील रत्न आणि चुलींतील कोळसा हे सगोत्र ठरले! तथापि दोन्हीं एकच द्रव्य, असें ठासून सांगण्यास तो धजला नाहीं. पुढें १७९७ सालीं लंडन येथें स्मिथ्सन टेनंट यानें समान वजनाचे हिरे व कोळसा यांपासून समान वायु निघतो हें तोलून दाखविलें. मध्यंतरीं, १७७९ सालीं, स्वीडनच्या शेलेनें पेन्सिलींतील काळें ग्रॅफाइट त्याच जातीचें असल्याचें दाखविलें होतें. या द्रव्यास १७८७ सालच्या नव्या रासायनिक परिभाषेंत लाव्हाझिए व त्याचे तीन सहकारी यांनीं जें नांव दिलें, तेंच आज आपण कार्बन म्हणून उच्चारतों.

ज्वलनांत पदार्थ हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतो, आणि रासायनिक क्रियेंत द्रव्याचें एकंदर वजन घटत नाहीं कीं वाढत नाहीं, हे त्याचे सिद्धांत सर्वांस ठाऊक आहेत. १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथानें रसायनशास्त्राचें रूपच पालटलें. त्यांतील उपकरणांचीं चित्रें त्याची पत्नी मारी हिनें काढलीं होतीं. विवाहसमयीं ती तेरा वर्षांची होती. पुढें तिनें इंग्रजी शिकून पतीसाठीं परकी निबंधांचीं भाषांतरें केलीं व प्रयोगशाळेंतील टिपणें ठेविलीं. लाव्हाझिएच्या अंगीं दोष नव्हते असें मात्र नाहीं. प्राणवायु शेले व प्रीस्टले यांस त्याच्या आधीं सांपडला होता, आणि १७७४ सालीं प्रीस्टलेनें पॅरिसला येऊन त्यास तें सांगितलेंही होतें. परंतु त्याचें ऋण मोकळ्या मनानें मान्य करण्यांत लाव्हाझिए कमी पडला.

याहून मोठी चूक त्याच्या उदरनिर्वाहाच्या मार्गांत होती. अकादमींत शिरला त्याच वर्षीं त्यानें राजाच्या करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या मंडळींत भाग विकत घेतला. मीठ व तंबाखू यांवरील कर ही मंडळी वसूल करी, आणि गरिबांचे शाप तिला लागत. करचुकवेगिरी थांबविण्यासाठीं पॅरिसभोंवतीं तट बांधण्याची सूचना लाव्हाझिएचीच. तिच्यामुळें नगरवासी त्यावर फारच चिडले. या मक्त्याच्या उत्पन्नांतूनच त्याचे बहुमोल तराजू सिद्ध झाले, हें आम्हांस लपवितां येत नाहीं.

फ्रान्सांत त्या वेळीं प्रांतोप्रांतीं मापें निराळीं होतीं. एकाच नांवाचें माप एका गांवीं लहान तर दुसऱ्या गांवीं मोठें. आपल्याकडील शेर व पायली यांची कथा आमच्या वडीलधाऱ्यांनीं जी सांगितली, तिच्याहून ही वेगळी नाहीं. ज्याच्या हातीं माप, त्याचा लाभ, असा हा व्यवहार होता. राज्यक्रांतीनंतर १७९१ सालीं असें ठरलें कीं, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग तो मीटर मानावा. डेलांब्र व मेशँ हे डंकर्कपासून बार्सेलोनापर्यंतची भूमि मोजण्यास निघाले. लाव्हाझिए या समितीचा चिटणीस व खजिनदार होता. १७९३ च्या आरंभीं त्यानें आउई या स्फटिकशास्त्रज्ञाबरोबर ठराविक आकारमानाच्या शुद्ध पाण्याचें वजन काढलें, आणि वजनाच्या नव्या एककाचा पाया घातला.

परंतु काळ फिरला होता. ऑगस्ट १७९३ मध्यें अकादमी बंद झाली. नोव्हेंबरांत मक्तेदारांस पकडण्याचा हुकूम सुटतांच लाव्हाझिए आपण होऊन स्वाधीन झाला. मापांचें काम अडतें म्हणून बोर्दा व आउई यांनीं त्याच्या सुटकेचा अर्ज केला, तो व्यर्थ गेला. उलट डिसेंबरांत बोर्दा, लाप्लास, डेलांब्र आदि गृहस्थच समितींतून काढले गेले. ता. ८ मे १७९४ रोजीं अठ्ठावीस मक्तेदारांचा न्याय झाला आणि त्याच दिवशीं त्यांचा शिरच्छेदही झाला. त्यांत लाव्हाझिए होता व त्याचा सासराही होता. मक्त्याचा दोष आम्ही झांकीत नाहीं. पण दोन्ही पारडीं स्थिर होण्याची वाट न पाहणें यास न्याय म्हणतां येत नाहीं.

त्याचें काम मात्र थांबलें नाहीं. १७९५ सालीं नव्या मापांचा कायदा झाला. १७९९ सालीं लफेव्ह्र-जिनो व फाब्रोनी यांनीं पाण्याचें वजन अधिक काटेकोरपणें पुन्हां काढलें, आणि प्लॅटिनमचे मीटर व किलोग्राम सरकारी दप्तरखान्यांत ठेवण्यांत आले. भारतांत १९५६ च्या कायद्यानें हीच पद्धति आली. २०१९ सालापासून तर किलोग्राम धातूच्या तुकड्यावर अवलंबून नसून निसर्गांतील एका स्थिरांकावर बसविलेला आहे.

लाव्हाझिएच्या कार्बनलाही आज तराजूची गरज लागली आहे. २००४ सालीं मँचेस्टर येथें गाइम व नोव्होसेलोव्ह यांनीं साध्या चिकटपट्टीनें ग्रॅफाइट सोलून अणूच्या जाडीचा एकच थर वेगळा केला. त्यास ग्रॅफीन म्हणतात. असे सुमारें तीस लक्ष थर एकावर एक रचावे तेव्हां एक मिलिमीटर जाडी होते. मग बाजारांत ग्रॅफीन म्हणून मिळणारी काळी पूड खरें ग्रॅफीन, कीं निव्वळ ग्रॅफाइटाची भुकटी? २०१८ सालीं साठ उत्पादकांचे नमुने तपासले गेले, तेव्हां बहुतेकांत ग्रॅफीनचें प्रमाण शेंकडा दहाहूनही कमी आढळलें! यासाठीं आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें २०१७ सालीं शब्दांचे अर्थ बांधून दिले: एक थर तें ग्रॅफीन, दोन थर तें द्विस्तर, तीन ते दहा थर तें अल्पस्तर. २०२१ सालीं थर मोजण्याच्या रीतीही ठरल्या. त्यांत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२८ सालीं शोधलेल्या प्रकाशाच्या परिणामाचा उपयोग होतो, हें वाचून कोणास आनंद होणार नाहीं? आणि आणखी नवल असें कीं, अतिशीत अवस्थेंत प्रबळ चुंबकाच्या प्रभावाखालीं ग्रॅफीनचा विद्युत्-रोध सुमारें १२,९०६ ओहम या मूल्यावर इतका अढळ राहतो कीं, प्रमाणशाळांतून त्यावरूनच इतर रोध पारखतात. मोजला जाणारा कार्बन आतां स्वतःच माप झाला आहे.

विद्यार्थी मित्रहो, शब्द आधीं निश्चित करावा, वस्तु नीट तोलावी, आणि मगच मत द्यावें, हा या चरित्राचा बोध आहे. तो प्रयोगशाळेपुरता नाहीं. दुसऱ्याविषयीं बोलतांना आपण किती वेळां वजन न करितांच निकाल देतों, याचा विचार प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा. लाव्हाझिएचा तराजू पॅरिसच्या संग्रहालयांत जपून ठेविला आहे. त्याची संवय आपल्या अंगीं जडली, तर हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सफल झाले असें आम्ही समजूं.